लाल खार वाचवायची तर करडी मारायची

इंग्लंडच्या उत्तर भागात, कंब्रिया आणि नॉर्थम्बरलँडमध्ये, लाल खारींसाठी काम करणारे गट गावोगाव आहेत. बाहेरून बघणाऱ्याला ती साधी निसर्गमंडळे वाटतात. वर्गणी गोळा होते, शाळांमधून माहिती दिली जाते, परसात दाण्यांच्या पेट्या टांगल्या जातात. पण त्यांच्या कामातला मोठा भाग करड्या खारी पकडून मारण्याचा आहे. प्राण्यांवर जीव असलेली माणसे या टोकाला कशी आली, हे समजून घ्यायला दीडशे वर्षे मागे जावे लागते.

करडी खार मूळची उत्तर अमेरिकेची. ब्रिटनमध्ये ती सोडल्याची पहिली पक्की नोंद १८७६ ची आहे. चेशायरमधल्या हेनबरी पार्कचे मालक ब्रॉकलहर्स्ट यांनी ती हौसेने आणली. पुढे वोबर्नच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने १८९० पासून आपल्या उद्यानात त्या सोडल्या, वाढू दिल्या आणि इतर जमीनदारांना भेट म्हणून वाटल्या. आयर्लंडमध्ये तर १९११ साली कॅसल फोर्ब्स इथल्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या खारींपासून पुढचे सगळे रामायण घडले. बड्या घरांच्या हौसेचा हा हिशेब आज गावकरी चुकता करत आहेत, असे म्हटले तर फारसे वावगे ठरू नये.

त्या काळात लाल खारीवर तरी कुणाची माया होती? अठराव्या शतकात जंगलतोडीमुळे स्कॉटलंडमधून ती जवळजवळ नाहीशी झाली होती. बाहेरून आणून पुन्हा सोडल्यावर ती वाढली आणि लागवडीतल्या सूचिपर्णी झाडांच्या साली कुरतडू लागली. मग १९०३ मध्ये हायलँड स्क्विरल क्लब स्थापन झाला. त्याचा उद्देश संरक्षण नव्हता, संहार होता. शेपटी दाखवा, बक्षीस घ्या. पुढच्या काही दशकांत या क्लबच्या हिशेबात ८० हजारांच्या वर लाल खारी मारल्या गेल्या. 'आपली देशी खार' ही आजची भावना त्यामानाने बरीच अलीकडची आहे.

करड्या खारींचे धोके लक्षात आल्यावर १९३७ मध्ये त्या आणण्यावर आणि पाळण्यावर निर्बंध आले. तोवर उशीर झाला होता. १९५३ ते १९५८ या काळात सरकारनेच शेपटीमागे एक शिलिंग, नंतर दोन शिलिंग देऊ केले. दहा लाखांहून अधिक शेपट्या जमा झाल्या, आणि करड्यांचा पसारा थांबला नाही. देशभर विखुरलेले शिकारी जिथे सोपे तिथे मारत होते आणि रिकाम्या जागी शेजारच्या रानातून नव्या खारी येत होत्या.

करडी खार लालला चावून हाकलते, असा समज अजून आहे. प्रत्यक्षात प्रकार वेगळा आहे. लाल खार जेमतेम ३०० ग्रॅमची, करडी ५००-६०० ग्रॅमची. करडीला ओकची फळे चांगली पचतात, लालला तितकी पचत नाहीत, त्यामुळे पानझडी रानात करडी सहज बाजी मारते. त्यात स्क्विरलपॉक्सची भर पडली. करडीला हा विषाणू बाधत नाही, ती फक्त तो घेऊन फिरते. लालच्या मात्र डोळ्यांभोवती, ओठांवर, पंज्यांवर खपल्या धरतात. तिला दिसेनासे होते, खाता येत नाही, आणि साधारण पंधरवड्यात ती मरते. १९८१ च्या कायद्याने लाल खारीला मारण्यापासून संरक्षण मिळाले, पण विषाणूला कायद्याचे काय?

दिशा बदलली ती वेल्सच्या अँगलसी बेटावर. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये मेनाईची अरुंद सामुद्रधुनी आहे आणि तिच्यावर दोन पूल. १९६० च्या दशकात करड्या खारी बेटावर पोहोचल्या आणि नव्वदच्या दशकाअखेर जेमतेम ४० लाल खारी एका जंगलात उरल्या. एस्मे कर्बी या शेतकरी बाईंनी पुढाकार घेतला. १९९८ पासून पद्धतशीर पकड सुरू झाली. शेतकरी आणि घरमालक आपापल्या जागेत पिंजरे लावू देत होते. सहा हजारांहून जास्त करड्या काढल्या गेल्या आणि २०१३ च्या सुमारास बेट करड्यांपासून मोकळे झाले. आज तिथे लाल खारी काही शेकड्यांनी आहेत. सरकारी बक्षिसाला जे जमले नाही ते इथे जमले, कारण सीमा आखलेली होती आणि शेवटची करडी सापडेपर्यंत काम थांबले नाही.

हे काम कंटाळवाणे आहे. दाण्यांच्या पेटीच्या तोंडाशी चिकटपट्टी लावतात. खार आत डोकावली की केस चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल की करडी ते कळते. करडी निघाली की तिथे मका आणि हेझलनट घालून जिवंत पकडणारा पिंजरा लागतो. तो रोज पाहावा लागतो. लाल सापडली तर लगेच सोडायची. करडी मात्र पकडल्यावर पुन्हा सोडणे इंग्लंड आणि वेल्समध्ये बेकायदा आहे. पेट्या जंतुनाशकाने धुवायच्या, नाहीतर रोग पसरवण्याचे काम आपणच करू.

या मारण्याला विरोधही आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इटलीत १९४८ मध्ये तुरीनजवळ सोडलेल्या करड्या खारींचा बंदोबस्त १९९७ मध्ये सुरू होताच प्राणिहक्क संघटना कोर्टात गेल्या. अधिकारी पुढे निर्दोष सुटले, पण तोवर तीन वर्षे गेली आणि खारी आटोक्याबाहेर पसरल्या. इथे माझा कल लाल खारीकडे आहे, तरी पिंजऱ्यातल्या करडीचा त्यात काही दोष नाही, हेही खरे.

निराळी वाट दाखवली ती पाइन मार्टन या झाडावर चढणाऱ्या शिकारी प्राण्याने. आयर्लंडमध्ये तो जिथे परतला तिथे करड्या घटल्या आणि लाल वाढल्या, असे अभ्यासात दिसले. २०१५ पासून वेल्समध्येही तो सोडला गेला. पकडीला पर्याय म्हणून करड्यांसाठी तोंडाने देता येणाऱ्या गर्भनिरोधकाचे संशोधनही सुरू आहे.

ब्रिटनमध्ये २०१८ च्या अंदाजानुसार करड्या खारी सुमारे २७ लाख, लाल सुमारे २ लाख ३९ हजार आणि त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये. अँगलसीच्या लाल खारी पूल ओलांडून मुख्य भूमीवर बँगॉरच्या बाजूला पसरल्या होत्या. २०२०-२१ मध्ये तिथे स्क्विरलपॉक्स आला आणि त्या भागातल्या बहुसंख्य लाल खारी दगावल्या. त्यानंतर पुलांच्या मुख्य भूमीकडील टोकाला करड्यांवर नजर ठेवणे हे गटांचे कायमचे काम झाले आहे.