सोंग म्हणून सोडून दिलेलं दुखणं

आपल्याकडं एखादा माणूस बोलता बोलता शून्यात बघत बसला, हाका मारल्या तरी ओ देईना आणि नंतर विचारलं तर त्यातलं काहीच आठवेना, की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, उतारा टाका, दुसरी म्हणते लई नाटकी आहे, लक्ष देऊ नका. या दुखण्याला डिसोसिएशन म्हणतात, म्हणजे सोसवत नाही त्यापासून मन तुटून बाजूला होणं. आणि डॉक्टर मंडळीसुद्धा कित्येक वर्षं दुसऱ्या पार्टीतच होती की.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर हॉस्पिटलात शार्को नावाचा मेंदूचा डॉक्टर अशा बायकांना हिस्टेरिया म्हणून (शरीरात दोष सापडत नाही तरी येणारे झटके, त्याला तेव्हाचं नाव) तपासायचा, तेही भरल्या सभेत लोकांसमोर उभं करून. खरं काम केलं पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं. १८८९ च्या प्रबंधात त्यानं मांडलं की सोसवत नाही असा अनुभव मनाच्या बाकीच्या भागापासून तुटून वेगळा राहतो, आणि तिथूनच माणसाला चालवतो. त्याची एक पेशंट, इरेन. टीबीनं मरणाऱ्या आईची रात्र रात्र सेवा केलेली पोरगी. आई गेली हे तिला आठवतच नव्हतं, अंत्यविधीला हसत होती म्हणे, पण मधेच एखाद्या रिकाम्या खाटेपाशी थांबायची आणि जणू आई तिथंच आहे असं पाणी पाजायची, सावरायची, ती अख्खी रात्र पुन्हा करायची, आणि झालं की पुन्हा कोरी.

मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडनं १८९६ ला हिस्टेरियाचं कारण म्हणून लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराकडं बोट दाखवलं, पण पुढच्याच वर्षी तो त्यातनं मागं सरला (माझ्या मते इथंच सगळ्यात जास्त नुकसान झालं) आणि जाने तर विस्मरणातच गेला.

मग पहिलं महायुद्ध. १९१५ ला चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरनं शेल शॉकबद्दल (तोफगोळ्यांच्या माऱ्यात सैनिकांना बसणारा मनाचा धक्का) लिहिलं, वाचा गेलेले, स्मृती गेलेले जवान, तरी वरच्या साहेबांना त्यातले बरेच भित्रे आणि कामचुकारच वाटायचे. बाईला झालं की हिस्टेरिया, पुरुषाला झालं की भित्रा, झालं.

व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि अत्याचारावर बोलणाऱ्या बायका यांच्या रेट्यानं १९८० ला अमेरिकेच्या डीएसएम-३ मध्ये, म्हणजे मनाच्या आजारांची यादी असलेल्या डॉक्टरांच्या पुस्तकात, पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागं राहणारा मनाचा आजार) आलं. डिसोसिएशनलाही त्याच पुस्तकात जागा मिळाली पण वेगळ्या प्रकरणात, म्हणजे एकाच दुखण्याची दोन खाती. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये पीटीएसडीचा डिसोसिएटिव्ह उपप्रकार आला तेव्हा कुठं ती जरा जवळ आली.

हे होतं कसं? जिथं लढता येत नाही, पळताही येत नाही तिथं मन आपोआप बाजूला होतं. कोल्हापूरकडच्या राधानगरी धरणाचे दरवाजे कसे पाणी भरलं की आपले आपण उघडतात, कुणी बटण दाबत नाही, तसंच. २०१९ च्या पुरात कोल्हापूरची पंचगंगा नदी ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची माणसं माडीवर अडकलेली. असल्या वेळी एखादी बाई सांगते, "मी नव्हतेच तिथं, वरनं बघत होते," तर ती खोटं बोलत नसते. आणि पूर ओसरला, घर धुऊन झालं, तरी पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की दूध उतू जाईपर्यंत ती तशीच उभी राहू शकते.

एक मात्र बघा, फिट येणाऱ्या माणसाचंही बरंचसं असंच दिसतं, त्यामुळं आधी मेंदूच्या डॉक्टरकडनं ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) वगैरे करून घ्या, ते झालं की मग मानसोपचार.