शिसे आणि मुलांचा स्वभाव : सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी

मूल सारखे चिडते, एका जागी बसत नाही, वर्गात लक्ष देत नाही, म्हटले की बडोद्यातल्या मराठी घरांत उत्तरे ठरलेली असतात: हट्टी आहे, लाडावलाय, आजोबांवर गेलाय. ती खरीही असतील. पण आईच्या पोटात असताना आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत शरीरात गेलेले शिसे हेही एक कारण असू शकते. ते वैद्यकात 1943 पासून नोंदलेले आहे आणि रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

शिसे विषारी आहे हे जुनेच ज्ञान. मुलांचा वेगळा विचार ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला सुरू झाला. तिथे 1892 मध्ये मुलांमधली शिसेबाधा नोंदली गेली आणि 1904 मध्ये जॉन लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञाने तिचे मूळ दाखवले: व्हरांड्याच्या कठड्याचा तेलरंग. उन्हाने रंगाची भुकटी होते, कठडा धरलेले हात तोंडात जातात. क्वीन्सलंडने 1922 मध्ये मुलांचा हात पोचेल अशा जागी हा रंग वापरण्यावर कायद्याने बंदी घातली. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) सक्तीची मर्यादा नोव्हेंबर 2017 मध्ये लागू झाली. त्यामुळे बडोद्यातल्या रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दाराला आणि खिडकीच्या गजांना रंगाचा वरचा हात नवा असला, तरी खालचे थर त्याआधीचेच असणार.

बराच काळ डॉक्टरांची समजूत अशी होती, की शिसेबाधा झालेले मूल एकतर दगावते किंवा पूर्ण बरे होते. 1943 मध्ये रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड या अमेरिकन संशोधकांनी ‘बऱ्या’ झालेल्या 20 मुलांचा पुढे माग ठेवला. एक सोडून सगळी शाळेत किंवा वागण्यात अडचणीत होती. राग आवरत नाही, मन लागत नाही, अंगावर धावून जातात, अशा तक्रारी होत्या. म्हणजे स्वभावातला बदल आधी दिसला होता. पुढची कित्येक वर्षे चर्चा मात्र बुद्ध्यंकाभोवतीच फिरली, कारण तो आकड्यात मावतो. चिडचिड मोजायची कशी, हा प्रश्न मागे पडला. या इतिहासातली ही सर्वांत मोठी चूक, असे आमचे मत.

1979 मध्ये हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी जमवले, त्यांतले शिसे मोजले आणि शिक्षकांना विचारले: हे मूल लवकर विचलित होते का, हातातले काम अर्धवट टाकते का, उतावळे आहे का? दातातले शिसे जितके जास्त, तितकी ‘हो’ उत्तरे जास्त. यातल्या कोणत्याही मुलाला शिसेबाधेचे लक्षण नव्हते. दातच का? रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, दात जुना हिशेब राखतो. आता लेझरने दाताचे थर तपासता येतात. दातात जन्माच्या वेळची एक रेघ असते, तिच्या अलीकडचा थर जन्मानंतरचा, पलीकडचा गर्भातला.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा अभ्यास आम्हाला फार मोलाचा वाटतो. तिथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या मुलांचे रक्त अकराव्या वर्षी तपासले होते. ज्यांच्या रक्तात शिसे जास्त होते, ती अडतिसाव्या वर्षी जास्त अस्वस्थ आणि कमी जुळवून घेणारी निघाली. मुख्य म्हणजे त्या गावात शिसे पेट्रोलच्या धुरातून येत होते आणि ते गरीब-श्रीमंत दोन्ही घरांत सारखेच पोचले होते. त्यामुळे ‘हा गरिबीचा परिणाम’ ही पळवाट उरली नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले 1 फेब्रुवारी 2000 रोजी. त्याआधी बडोद्यातल्या मांडवीच्या गर्दीत वाढलेल्या पिढीने तोच धूर घेतला आहे.

हे घडते कसे? शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेते. पहिल्या वर्षांत मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या बनत आणि छाटल्या जात असतात. या कामात कॅल्शियमचे इशारे लागतात, तिथे शिसे घोटाळा करते. आवेग आवरणारा, कपाळामागचा भाग सर्वांत उशिरा पक्का होतो, म्हणून त्याला धोका जास्त काळ राहतो. गरोदरपणात आईच्या हाडांत साठलेले शिसे सुटते आणि वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडे जाते.

लोहाचा मुद्दा इथेच येतो. लोह आणि शिसे आतड्यात एकाच वाटेने शोषले जातात. लोह कमी असले की शरीर ती वाट रुंद करते आणि शिसेही जास्त आत येते. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातल्या सुभद्रा शेषाद्री आणि तारा गोपालदास यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, लोह दिल्यावर रक्तक्षय असलेल्या मुलांच्या आकलन-चाचण्या सुधारल्या होत्या. त्यात शिसे मोजलेले नव्हते. तरी शिशाची शंका आली की हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) बरोबरच तपासावे, ते यामुळेच.

आपल्याकडचा एक खास स्रोत म्हणजे शेंदूर. खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, वजनाच्या 90 टक्के शिसे. एका मिलिग्रॅममध्ये 900 मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांसाठी आहारातून दिवसाला 2.2 मायक्रोग्रॅमचा संदर्भ-आकडा ठरवला आहे, म्हणजे चिमटीला चिकटलेली धूळही त्याच्या कित्येक पट. मारुतीला किंवा गणपतीला शेंदूर लेपताना तो कोरडा उधळू नये, तेलात कालवावा, हात साबणाने धुऊन मगच प्रसाद वाटावा. सुटलेली खपली मुलांच्या हाती देऊ नये. भेसळ नसलेले हळदीचे कुंकू वेगळे, त्याला हे लागू नाही.

जुना रंग काढताना कोरड्या पॉलिश पेपरने फार नुकसान होते, बारीक धूळ घरभर बसते. गॅसच्या ज्योतीने जाळणे त्याहून वाईट. पृष्ठभाग पाण्याने भिजवून घासावा, खाली जाड प्लास्टिक अंथरावे, केरसुणी न वापरता ओल्या फडक्याने पुसावे. काम संपेपर्यंत गरोदर बाई आणि लहान मुले दुसरीकडे राहावीत. बॅटरीच्या किंवा झाळकामाच्या कारागिराने कपडे कामावरच बदलावेत.

तपासणी शिरेतल्या रक्ताची करावी. बोट टोचून घेतलेला नमुना कातडीवरच्या धुळीने बिघडू शकतो. वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी केलेली तपासणी उपयोगी. सातव्या वर्षीचा चांगला रिपोर्ट दुसऱ्या वर्षाबद्दल काही सांगत नाही. अमेरिकेत 1971 मध्ये 40 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर (100 मिलिलिटर) रक्त ही चिंतेची पातळी होती. ती 1991 मध्ये 10, 2012 मध्ये 5 आणि 2021 मध्ये 3.5 वर आली. जागतिक आरोग्य संघटना 5 पासून स्रोत शोधायला सांगते. शिसे बाहेर काढणारी औषधे मुलांना साधारण 45 पासून देतात. त्याहून कमी पातळीच्या मुलांवर झालेल्या चाचणीत औषधाने रक्तातले शिसे उतरले, पण 2001 मध्ये आलेल्या निकालात बुद्धी आणि वर्तनाचे गुण सुधारलेले दिसले नाहीत. म्हणून जाणता बालरोगतज्ज्ञ औषध लिहिण्याआधी घरातला रंग, देवघरातला शेंदूर आणि वडिलांचे काम विचारतो, आणि स्रोत हटवल्यावर एक ते तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायला सांगतो.