महाराजबागेतली शेतीशाळा आणि तिचे नमुने

नागपूरचं मूल महाराजबागेत पहिल्यांदा जातं ते वाघ बघायला. हे प्राणिसंग्रहालय शेती कॉलेजच्या ताब्यात कसं, हे मोठेपणीही फारसं कुणी विचारत नाही.

बाग भोसल्यांची. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं आणि ती सरकारजमा झाली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने प्रांतोप्रांती शेतीखाती काढायला सांगितलं होतं. नागपुरात १८८८ मध्ये शेतीचा वर्ग भरू लागला. प्राणिसंग्रहालय १८९४ चं. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांताने पाठोपाठ सोसले आणि १९०६ मध्ये कॉलेज उभं राहिलं. आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे.

शेती नुसती वाचून शिकता येत नाही. म्हणून त्या काळच्या शेतीशाळांत बियांच्या बरण्या, टाचणीला टोचलेले किडे, कागदावर शिवलेली वाळकी रोपं आणि मातीचे नमुने असत. काळी, मोरंड, खरडी, बरडी ही मातीची नावं इथल्या शेतकऱ्यांचीच. शेतसारा ठरवणाऱ्या जमाबंदीवाल्यांनीही तीच घेतली. मुठीत माती चुरून बघितल्याशिवाय मोरंड आणि खरडी यांतला फरक कळत नाही.

कापसाचं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हिंगणघाटची बनी तलम, लांब धाग्याची म्हणून गाजलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीखात्याने ‘रोझियम’ या वाणाचा प्रसार केला. त्याचा धागा आखूड आणि जाडाभरडा, पण रुईचा उतारा, म्हणजे सरकी काढल्यावर हाती लागणारा कापूस, भरपूर. शेतकऱ्याने चार पैसे जास्त देणारं वाण पेरलं, त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. बनी मात्र मागे पडली. असं वाण शेतातून गेलं की ते कसं होतं हे सांगायला कपाटातलं वाळकं बोंड उरतं. बरणीतली जुनी सरकी आता रुजणार नाही. पण पानाचा आकार दिसतो, धाग्याची लांबी मोजता येते.

हे सगळं नमुन्याला लावलेली चिठ्ठी शाबूत असेल तरच. गाव, तारीख, जमीन, वाणाचं स्थानिक नाव यांच्यावाचून बोंड म्हणजे निव्वळ काडीकचरा. नागपूरच्या पावसाळ्यात आधी कसर लागते ती कागदाला. म्हणून अशा जुन्या संग्रहांची कपाटं रंगवण्याआधी प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून तिची नोंद करावी, आणि ती या उन्हाळ्यातच.