शंभरातले तेरा शिलिंग

रुपयातले पंधरा पैसेच खालपर्यंत पोहोचतात, हे राजीव गांधींच्या नावावरचं वाक्य आपल्याकडे गेली चाळीस वर्षं भाषणांतून फिरतं आहे. तो अंदाज होता. पैशाच्या मागे शाळेच्या दारापर्यंत चालत जाऊन कुणी मोजलं नव्हतं. युगांडात १९९६ साली सरकारने शाळांसाठी सोडलेला पैसा मोजला, आणि आकडा आला शंभर शिलिंगांतले (शिलिंग हे तिथलं चलन) तेरा. आफ्रिकेतल्या सरकारी योजनांवर बोलताना हा आकडा आजही पुढे केला जातो, बहुतेकदा 'बघा, किती भ्रष्टाचार' एवढंच म्हणण्यासाठी. पण उरलेले सत्त्याऐंशी शिलिंग नेमके जिल्ह्याच्याच पायरीवर का अडले, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

आधी मोजणीबद्दल. राजधानी कंपालातल्या अर्थखात्याला एक कोडं पडलं होतं. प्राथमिक शिक्षणावरचा खर्च वाढवला तरी सरकारी आकड्यांत मुलांची संख्या जागची हलत नव्हती. म्हणून जागतिक बँकेच्या मदतीने त्या वेळच्या ३९ पैकी १८ जिल्ह्यांत २५० सरकारी प्राथमिक शाळा निवडल्या आणि १९९१ ते १९९५ या पाच वर्षांचं दप्तर उघडलं. एका बाजूला कंपालाने जिल्ह्यांमार्फत किती सोडले, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापकाच्या वहीत किती जमा झाले. वेतन सोडून दर मुलामागे जे अनुदान मिळायचं, त्यातलं सरासरी १३ टक्के शाळेत पोहोचलं होतं. सरासरीही फसवी, कारण बहुतेक शाळांना काहीच मिळालं नव्हतं. गंमत म्हणजे दुसरा निष्कर्ष उलटा निघाला. शाळांच्या हजेरीपटांवर मुलं त्या पाच वर्षांत जवळपास ६० टक्क्यांनी वाढली होती, फक्त मंत्रालयाला पत्ता नव्हता. म्हणजे पैसा खाली जात नव्हता आणि बातमी वर येत नव्हती. खातं त्याच एका पायरीवर तुंबलं होतं.

आणखी एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्षकांचे पगार, उशिराने का होईना, मोठ्या प्रमाणात पोहोचत होते. वाट तीच, हातही तेच. फरक इतकाच की आपला पगार किती हे शिक्षकाला ठाऊक असतं. दर मुलामागे शाळेच्या नावाने किती निघतं, हे मुख्याध्यापकाला कुणी सांगितलंच नव्हतं.

का सांगितलं नव्हतं, याचं मूळ १९०० च्या करारात सापडतं. ब्रिटनचे प्रतिनिधी हॅरी जॉन्स्टन आणि युगांडातल्याच बुगांडा या राज्याचे सरदार यांच्यात तो झाला. गादीवरचा कबाका म्हणजे राजा तेव्हा लहान मूल होता, कारभार अपोलो काग्वा आणि इतर पालकमंत्र्यांच्या हाती होता. करारात दर झोपडीमागे वर्षाला तीन रुपये कर बसला. होय, रुपयेच. पूर्व आफ्रिकेत तेव्हा हिंदुस्थानचा चांदीचा रुपया चालत असे आणि तो १९२० च्या सुमारापर्यंत टिकला. कर गोळा करायचा सरदारांनी आणि त्याबदल्यात त्यांना जमिनी व मानधन. इंग्रजांकडे माणसं मूठभर असल्याने हाच साचा बाहेरच्या मुलखावरही बसवला गेला. सेमेई काकुंगुलू या बुगांडाच्या सेनानीने पूर्वेकडे जाऊन, ज्या लोकांना राजाच नव्हता त्यांच्यावर, सरदारांची उतरंड उभी केली. सरदाराने हिशोब द्यायचा तो वर बसलेल्या साहेबाला. खालच्या माणसाला हिशोब दाखवण्याची जागाच त्या रचनेत नव्हती.

साहेब आणि सरदार यांच्या मधल्या टेबलावर मात्र आपल्या ओळखीची माणसं होती. वसाहतीच्या कचेऱ्यांत कारकून आणि रोखपाल म्हणून गोवेकर मोठ्या संख्येने होते. एंटेबे आणि कंपाला इथे त्यांच्या 'गोवन इन्स्टिट्यूट' उभ्या राहिल्या. नागरिक पोर्तुगालचे, चाकरी इंग्रजांची, खतावणी युगांडाची. हिशोब नेटका ठेवण्याबद्दल त्यांचं नाव होतं, पण तो नेटका हिशोबही वरच जायचा.

शाळा या सगळ्याच्या बाहेर होत्या. त्या मिशनऱ्यांच्या. १८७७ मध्ये प्रोटेस्टंट आले, १८७९ मध्ये कॅथलिक, आणि दोघांच्या चढाओढीत शाळा निघत गेल्या. सरकार पुढे त्यांना अनुदान देऊ लागलं, तरी शाळा चालायची चर्चच्या आणि पालकांच्या फीवर. ९ ऑक्टोबर १९६२ ला देश स्वतंत्र झाला आणि पुढच्या वर्षी कॅसल आयोगाने भर दिला तो माध्यमिक शिक्षणावर, कारण नव्या राज्याला अधिकारी हवे होते. शाळांचा ताबा सरकारने घेतला, फी राहिली. १९६७ च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे यांनी राजेशाह्या मोडल्या आणि जिल्हे पूर्णपणे कंपालाचे हस्तक झाले.

मग लष्करी हुकूमशहा इदी अमीन. १९७२ च्या ऑगस्टमध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्याची व्यापाराची बाजू सगळ्यांना माहीत आहे. कचेऱ्यांतली बाजू कमी सांगितली जाते: गोवेकर कारकूनही बहुतेक गेले. पुढच्या दीड दशकात महागाईने पगार खाल्ला, यादवीने उरलंसुरलं. ऐंशीच्या दशकात सरकारी शिक्षकाचा पगार महिना सोडा, काही दिवसही पुरत नसे. तरीही शाळा बंद पडल्या नाहीत, हे त्या काळातलं खरं आश्चर्य. पालक-शिक्षक संघांनी वर्गणी काढून शिक्षकांना वरचे पैसे दिले, खडू आणले, छपरं शाकारली. प्राथमिक शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा पालकांच्या खिशातून येऊ लागला.

याचा परिणाम दुहेरी झाला. शाळा तगली, पण मुख्याध्यापकाची नजर कायमची पालकांकडे वळली. सरकारकडून काही येणं आहे हेच तो विसरला. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने शाळा 'कशाही चालतातच'. मग शाळांच्या नावाने आलेली रक्कम कचेरीच्या डिझेलला, बैठकांच्या भत्त्यांना, निवडणुकीच्या कामाला आणि अर्थात काहींच्या घरबांधणीला गेली, तर ओरडणार कोण? १९९६ च्या पाहणीत दिसलं ते याच्याशी जुळणारं होतं. ज्या गावांतले पालक खाऊनपिऊन सुखी, तिथल्या शाळांनी भांडून थोडं अधिक पदरात पाडून घेतलं होतं. गरीब शाळेला भांडायची सवय नव्हती.

२६ जानेवारी १९८६ ला पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या योवेरी मुसेवेनी यांचं बंड कंपालात पोहोचलं. गावोगाव नऊ जणांच्या समित्या आधीच निघू लागल्या होत्या. त्यांनाच पुढे स्थानिक शासनाचा पाया मानलं गेलं. १९९३ नंतर सत्ता जिल्ह्यांकडे सोपवायला सुरुवात झाली, १९९५ च्या घटनेने आणि १९९७ च्या कायद्याने ती पक्की केली. त्याच दशकाच्या सुरुवातीला नोकरशाहीची छाटणी होऊन सुमारे ३ लाख २० हजारांवरून संख्या निम्म्यावर आली. कर्ज देणाऱ्यांना हे सगळं फार आवडलं. पण सत्ता खाली गेली ती १९०० पासून वरच बघायला शिकलेल्या कचेरीच्या हातात. कायदा बदलला म्हणून मान वळत नाही.

शिक्षणाचं धोरण कागदावर होतंच. १९८७ मध्ये प्राध्यापक सेनटेझा काजुबी यांचा आयोग नेमला गेला, १९८९ मध्ये अहवाल आला, १९९२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. त्यात सर्वांना प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने द्यायचं होतं. टप्पे गुंडाळले ते निवडणुकीने. १९९६ च्या प्रचारात मुसेवेनी यांनी दर कुटुंबातल्या चार मुलांना मोफत शिक्षणाचं आश्वासन दिलं आणि जानेवारी १९९७ मध्ये ते लागू झालं. कुटुंब म्हणजे कोण, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहिला असणार. जिथे एका घरात दोन बायका, भावाची अनाथ मुलं आणि आजी एकत्र राहते, तिथे चार कशी मोजायची? एड्सने तेव्हा अनाथांची संख्या प्रचंड वाढवली होती. मर्यादा टिकली नाही. १९९६ मध्ये सुमारे ३१ लाख असलेली पटसंख्या १९९७ मध्ये ५३ लाखांवर गेली आणि २००३ पर्यंत ७६ लाखांच्या घरात. पहिलीच्या वर्गात शंभराहून अधिक मुलं, काही ठिकाणी आंब्याच्या झाडाखाली.

आता पैसा पोहोचवणं ही राजकीय गरज झाली होती. तेराचा आकडा हाती होताच. अर्थखात्याने साधाच उपाय केला: कुठल्या जिल्ह्याला शाळांसाठी किती सोडले, हे 'न्यू व्हिजन', 'मॉनिटर' अशा वर्तमानपत्रांत छापायला आणि रेडिओवर सांगायला सुरुवात केली. शाळांनीही आलेली रक्कम फळ्यावर लावायची. २००१ च्या पाहणीत शाळांपर्यंत जाणारा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास गेला होता. वर्तमानपत्र जिथे जवळ मिळत होतं तिथल्या मुख्याध्यापकांना आपला हक्क अधिक नेमका ठाऊक होता आणि त्यांच्या पदरातही अधिक पडत होतं.

वर्तमानपत्राने चोरी थांबवली, अशी ही गोष्ट मग जगभर सांगितली गेली, आणि मला ती थोडी जास्तच गोड वाटते. काही अर्थतज्ज्ञांनीही नंतर शंका काढल्या. त्याच वर्षांत अनुदानाची एकूण रक्कम कितीतरी पटींनी वाढली होती. जिल्ह्याने पूर्वीइतकेच शिलिंग दाबले असते, तरी टक्केवारी सुधारलेली दिसली असती. शिवाय १९९८ मध्ये कर्जमाफीच्या आंतरराष्ट्रीय योजनेचा पहिला लाभार्थी देश युगांडा ठरला. त्या सुटलेल्या पैशासाठी वेगळा दारिद्र्यनिधी निघाला, त्यावर देणगीदारांचे डोळे होते, आणि अनुदान दुसरीकडे वळवता येऊ नये अशा अटी लागल्या. छापील आकड्याचा वाटा त्यात होताच, पण तो एकटा नव्हता.

'मोफत' या शब्दाने एक जुनी गोष्टही मोडली. पालकांनी वर्गणी देणं थांबवलं. पैसे मागणाऱ्या मुख्याध्यापकांवर कारवाईच्या धमक्या येऊ लागल्या. पंधरा वर्षं शाळा ज्यांच्या जिवावर तगली, त्यांनाच आता सरकार बघून घेईल असं वाटलं, आणि सरकारने तसंच सांगितलंही होतं. दुपारचं जेवण हा त्यातला सर्वांत हट्टी वाद. २००८ च्या शिक्षण कायद्याने जेवणाची जबाबदारी पालकांची, असं स्पष्ट लिहिलं. खेड्यातल्या अनेक शाळांत मुलं अजूनही उपाशीच दुपार काढतात.

जिल्ह्यांचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. झोपडीकराचा वारस असलेला, लोकांना अत्यंत नकोसा असलेला श्रेणीनिहाय कर २००६ च्या निवडणुकीआधी, २००५ मध्ये रद्द झाला. आनंद साहजिकच होता. पण जिल्ह्याचं स्वतःचं उत्पन्न त्याबरोबर गेलं आणि तो पुन्हा कंपालाच्या अनुदानावर आला. जिल्ह्यांची संख्या मात्र ३९ वरून १३० च्या वर गेली. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या गाड्या, नवं डिझेल.

शाळेत पैसा पोहोचल्यावर काय होतं, याची पाहणी २००२-०३ मध्ये सहा देशांत न सांगता शाळांना भेटी देऊन झाली. युगांडात २७ टक्के शिक्षक शाळेत सापडले नाहीत, सहा देशांत सर्वांत जास्त. भारत २५ टक्क्यांवर लगेच मागे होता. भारतातल्या राज्यांत महाराष्ट्राचं प्रमाण सर्वांत कमी, १५ टक्क्यांच्या आसपास निघालं. युगांडातल्या शाळेच्या फळ्यावर अनुदानाची रक्कम लिहायची सोय होती; त्या दिवशी किती शिक्षक आले, हे लिहिण्याची अट कुणी घातली नव्हती.