वॅट तेवढेच, तार मात्र जाड

फोनच्या चार्जरवरचा मजकूर इतका बारीक असतो की तो वाचायला त्याच फोनचा कॅमेरा लागतो. माझ्या चार्जरवर ‘आउटपुट’पुढे दोन जोड्या छापल्या आहेत: ५ व्होल्ट, २ अँपिअर आणि ९ व्होल्ट, २ अँपिअर. वॅटचा पत्ता नाही. ते आपणच काढायचे, व्होल्टला अँपिअरने गुणून. पहिली जोडी १० वॅटची, दुसरी १८ची. फास्ट चार्जिंग म्हणतात ते हे दुसरं.

पण गुणाकारच का? अँपिअरवरून कळतं की तारेतून सेकंदाला किती विद्युतप्रभार गेला. १ अँपिअर म्हणजे सेकंदाला १ कूलोम. व्होल्टवरून कळतं की त्या प्रत्येक कूलोममागे किती ऊर्जा आली. १ व्होल्ट असेल तर १ ज्यूल. मिनिटाला किती पोती उतरली आणि एकेका पोत्यात किती किलो, हे माहीत असलं की माल किती आला हे सांगता येतं, तसंच हे. उत्तर येतं ‘सेकंदाला इतके ज्यूल’, आणि त्यालाच वॅट म्हणायचं. वाफेच्या इंजिनात मोठ्या सुधारणा करणाऱ्या जेम्स वॅटचं हे नाव विल्यम सीमेन्स यांनी १८८२ साली सुचवलं.

आता खरी गंमत. पाणी उकळायची २००० वॅटची विजेची किटली २३० व्होल्टवर जेमतेम ८.७ अँपिअर घेते. तिची वायर करंगळीपेक्षाही बारीक. मोटारीचा स्टार्टरही इंजिन फिरवताना सहज २००० वॅट घेतो, पण त्याच्या वाट्याला बॅटरीचे १२च व्होल्ट येतात. म्हणजे करंट १७० अँपिअरच्या घरात. बॉनेट उघडून बॅटरीपासून निघालेली केबल पाहा, चांगली जाडजूड असते. वॅट दोन्हीकडे तेवढेच, मग तारेत एवढा फरक का?

कारण तार तापते ती करंटमुळे. वाया जाणारी उष्णता काढायला करंटचा वर्ग करून त्याला तारेच्या रोधाने, म्हणजे तार करंटला किती अडवते त्या आकड्याने (तो ओहममध्ये मोजतात) गुणतात. जेम्स ज्यूलने हे १८४१ मध्ये दाखवून दिलं. समजा, तारेचा रोध ०.१ ओहम आहे. किटलीच्या करंटने त्यात साडेसात वॅट जातील, कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्याच तारेतून १७० अँपिअर न्यायचे तर नुसत्या तारेवरच १७ व्होल्ट खर्च होतील. बॅटरीत आहेतच मुळी १२! स्टार्टर ढिम्म हलणार नाही. जाड तारेचा रोध कमी, म्हणून तिथे जाड केबल.

म्हणूनच चार्जर बनवणारे अँपिअरपेक्षा व्होल्ट वाढवतात. यूएसबी-सी केबलमधून ५ अँपिअरपेक्षा जास्त न्यायची मुभा नाही, त्यामुळे २४० वॅट हवे असतील तर ४८ व्होल्टपर्यंत जावं लागतं. लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांवर लाखो व्होल्ट असतात, तेही याच हिशेबाने.

आता चार्जरची ‘इनपुट’ची ओळ वाचा: १००–२४० व्होल्ट, ०.५ अँपिअर. गुणून पाहिलं तर २४० व्होल्टला १२० वॅट! बाहेर येतात १८, मग उरलेले गेले कुठे? कुठेच नाही. ते ०.५ अँपिअर ही कमाल मर्यादा आहे, नेहमीची खपत नव्हे. शिवाय घरात येणाऱ्या एसी विजेत, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेत, व्होल्टेज सतत चढत-उतरत असतं आणि करंट त्याच्या पावलावर पाऊल टाकेलच असं नाही. तो मागे रेंगाळला किंवा तुटक झटक्यांनी आला, तर साध्या गुणाकाराचं उत्तर खऱ्या वॅटपेक्षा मोठं येतं. त्याला वॅट न म्हणता व्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्हीए म्हणतात. हीटर किंवा इस्त्रीत हा फरक जवळपास नसतोच, मोटरमध्ये मात्र चांगलाच जाणवतो.

वीज गेल्यावर बॅटरीवर काम चालू ठेवणाऱ्या यूपीएसवर ‘६०० व्हीए’ ठळक छापलेलं असतं आणि ‘३६० वॅट’ कुठेतरी कोपऱ्यात. त्यावर ५०० वॅटचं यंत्र लावून ‘सहाशेत बसतंय की’ म्हणणारे मी पाहिले आहेत. यूपीएस लगेच पीं-पीं करायला लागतो.