ओलांड कोणाचं, क्योगे कोणाचं?

डॅनिश दर्यासारंग नील्स यूलबद्दल वाचताना एक घोटाळा हमखास होतो. स्कोने युद्धात (डेन्मार्क आणि स्वीडनमधलं, १६७५ ते १६७९) डेन्मार्कने स्वीडनच्या आरमाराला दोन मोठे दणके दिले: ओलांड बेटाजवळ १ जून १६७६ला आणि क्योगेच्या उपसागरात १ जुलै १६७७ला. दोन्हीकडे यूल हजर, तारखा सख्ख्या बहिणींसारख्या. त्यात हे देश तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळत, जी आजच्या दिनदर्शिकेच्या तेव्हा दहा दिवस मागे होती, म्हणून याच लढाया कुठे कुठे ११ जून आणि ११ जुलै अशाही भेटतात. मग ‘यूलने क्रूनान बुडवलं’ असं कुणीतरी ठोकून देतं.

क्रूनान हे स्वीडनचं सगळ्यात मोठं जहाज, ओलांडच्या लढाईत बुडालेलं, पण ते बुडवलं कुणीच नाही. त्यावरचा सेनापती लॉरेन्ट्स क्रॉयट्स हा मूळचा सरकारी कारभारी, दर्यावर्दी नव्हे. वारा सोसाट्याचा असताना शिडं पुरेशी न उतरवताच जहाज वळवलं गेलं, खालच्या तोफांच्या खिडक्या सताड उघड्या. जहाज कलंडलं, पाणी आत घुसलं आणि दारूकोठाराचा भडका उडाला. आठशेच्या वर माणसं होती, चाळीसेक वाचली.

शिवाय त्या दिवशी हुकूम होता डच दर्यासारंग कोर्नेलिस ट्रॉम्पचा. यूल त्याच्या हाताखाली. (तरुणपणी यूल डच आरमारात शिकला तो याच्या बापाच्या, मार्टेन ट्रॉम्पच्या काळात. तिथेही लोक गोंधळतात.) त्या वर्षातलं यूलचं स्वतःचं काम म्हणाल तर महिनाभर आधी स्वीडनकडून घेतलेलं गॉटलंड बेट.

क्योगेची गोष्ट वेगळी. ट्रॉम्प कुमक आणायला हॉलंडला गेलेला, सगळा भार यूलवर. समोरचा हेन्रिक हॉर्न हाही भूदलातला फील्ड मार्शल, म्हणजे शत्रू इथेही कच्चाच, हे कबूल. पण यूल नुसता त्याच्या चुकीची वाट पाहत बसला नाही. स्टेव्हन्सच्या किनाऱ्याजवळ एक स्वीडिश जहाज रुतलं, त्याला राखायला काही जहाजं मागे राहिली, आणि यूलने ती फट हेरली. पुढे त्याने स्वीडिश रांगच फोडली. स्वतःचं निशाणाचं जहाज तोफांनी खिळखिळं झालं तेव्हा तो दुसऱ्यावर गेला, मग तिसऱ्यावर. ट्रॉम्प कुमक घेऊन परतला तोवर लढाई संपलेली होती.

पकडलेल्या जहाजांच्या इनामाचे पैसे द्यायला मात्र राजाकडे नव्हते. त्याबदली यूलला टोसिंगे बेटावरची जहागीर मिळाली, वाड्यासकट.