पाणी ओसरल्यावरचा तोटा

बाजारपेठा नदीकाठी वसल्या त्या सोयीसाठी. माल नावेने यायचा, गिरण्या पाण्याच्या जोरावर फिरायच्या. पुढे काठाला बांध घातले गेले आणि आता पाणी येत नाही म्हणत लोकांनी आणखी इमारती उठवल्या. बांध फुटला की नुकसान आधीपेक्षा मोठे. पूर निसर्ग आणतो, नुकसान मात्र बरेचसे माणूसच ओढवून घेतो, असे अमेरिकी भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट १९४०च्या दशकातच सांगत होते.

हा तोटा भरायचा कोणी? १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला आणि अमेरिकेतल्या खासगी विमा कंपन्यांनी पुराच्या विम्यातून अंग काढून घेतले. आग एखाद्या दुकानाला लागते, पूर अख्खी पेठ एका रात्रीत बुडवतो. शिवाय हा विमा मागायला येतात ते काठावरचेच. मग हप्ता परवडेल असा ठेवणार कसा? अखेर १९६८ मध्ये सरकारी योजना आली. तिच्यात आज व्यावसायिक इमारतीला आणि आतल्या मालाला प्रत्येकी कमाल ५ लाख डॉलरचे संरक्षण मिळते. बंद दुकानाच्या बुडालेल्या कमाईला मात्र काहीच नाही.

खरी गोची इथेच आहे. भिजलेला माल निदान मोजता येतो. गाळ उपसून झाला तरी वीज येईपर्यंत शटर खालीच. भाडे, पगार, कर्जाचे हप्ते चालूच. आणि गिऱ्हाईक तोवर दुसरीकडे रुळलेले.

फ्रान्सने १९८२ मध्ये मालमत्तेच्या विम्यालाच नैसर्गिक आपत्तीचे संरक्षण जोडले, त्यात व्यवसायही आले. ब्रिटनने २०१६ मध्ये ‘फ्लड री’ ही पूरविम्याची योजना सुरू केली ती फक्त घरांसाठी. ऑस्ट्रेलियात २०११च्या क्वीन्सलँड पुरानंतर वाद पेटला तो दुकानात शिरलेले पाणी पावसाचे की नदीचे यावर, कारण भरपाई त्यावरच अडली होती! २०१२ मध्ये ‘पूर’ या शब्दाची एकच व्याख्या ठरवावी लागली, छोट्या व्यवसायांच्या विम्यासाठीसुद्धा.

त्याच २०११ मध्ये थायलंडमधल्या सात औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. जागतिक बँकेने एकूण हानी सुमारे १.४३ लाख कोटी बाट धरली. त्यातला मोठा वाटा कारखानदारीचा. हार्ड डिस्क तिथे बनायच्या, त्यामुळे जगभर त्यांच्या किमती चढल्या. आवारात पाण्याचा थेंबही न आलेल्या दूरदेशीच्या कंपन्यांनी, पुरवठादार बुडाला म्हणून, विम्याचे दावे दाखल केले.